उतरत्या इयत्तांचा नवस

वहिनी, कावळा लगेच शिवला.

राजघाटावर प्रवीणने पिंड ठेवले, हात जोडून तो मागे सरला, आणि आम्ही सगळे अजून नीट उभेही राहिलो नव्हतो तोच एक कावळा खाली आला, भाताला चोच लावली आणि तापीच्या पलीकडे उडून गेला. जमलेल्यांनी समाधानाने माना हलवल्या. "बाईचं काही मागे राहिलं नव्हतं," कोणीतरी म्हणालं. मला मात्र तुझा असा राग आला म्हणून सांगू! कावळ्याबिवळ्यावर माझा विश्वास नाही, हे तुझ्याएवढं कोणाला माहीत असणार? तरीसुद्धा मी एक वाक्य मनात घोळवत घाटावर आले होते. कावळा अडला की पुढे व्हायचं आणि म्हणायचं, "वहिनी, इच्छापूरच्या देवीचं मी बघते, तू नीघ." ते वाक्य तोंडातल्या तोंडात राहिलं. एवढा नवस फेडायचा राहिलेला, आणि तू अशी मोकळी होऊन कशी गेलीस, हे मला कळेना.

आता तेरावंही झालं. सतरंज्या मंडपवाल्याकडे परत गेल्या. तुझा प्रवीण तुझ्या दाखल्यासाठी नगर निगमात चकरा मारतो आहे. बुऱ्हाणपूरच्या लालबागेतल्या या घरात मी दुपारची बसते आणि सवयीने तुला काहीतरी टोचून बोलायला तोंड उघडते, मग ते तसंच मिटावं लागतं. म्हणून हे लिहिते आहे. तू गेलीस ती सकाळी, चहा गाळता गाळता, मला "साखर संपली वो" असं सांगून. प्रवीण फ्रान्सहून येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं, म्हणून अग्नी मी दिला. बाईनं, तेही नणंदेनं, अग्नी द्यायचा म्हटल्यावर दोघातिघांचे चेहरे वाकडे झाले. मी म्हटलं, जन्मभर हिच्याशी भांडले मी, आता शेवटचं काम दुसऱ्याला का देऊ? आणि पुढे झाले.

तू रावेरकडून आमच्या घरात आलीस तेव्हा मी कागदाच्या मिलमध्ये टेलिफोन एक्स्चेंजवर नुकती लागले होते. माझं लग्न जमत नव्हतं आणि तुझं माझ्या भावाशी झालं होतं, एवढाच आपल्यातला फरक. मी तुझ्यापेक्षा लहान, पण नणंद. म्हणून मी पहिल्या दिवसापासून तुला "तू" म्हणत आले आणि तू मला शेवटच्या सकाळपर्यंत "ताई, तुमी". मी कितीदा म्हटलं, आता दोघी म्हाताऱ्या झालो, भाऊही गेला, सोड ते. तू म्हणायचीस, "सासूबाईनं लावलेलं वळन हाय, मी मोडनार नाई." तुझ्या तोंडून एकदा गेलेला शब्द कधी मागे यायचा नाही. ही तुझी खोड, आणि पुढचं सगळं तिच्यातूनच झालं.

आपल्या मिलच्या कॉलनीत कुठलंही पोर समोर आलं की पहिला प्रश्न एकच असायचा. कितवीला आहेस रे? मग पोर सांगणार, आपण "अरे वा" म्हणणार आणि हातावर काहीतरी ठेवणार. नाव नंतर, बापाचं डिपार्टमेंट त्याच्याही नंतर. प्रवीणची लीला जन्मली ती तिकडे फ्रान्समध्ये, ल्यों शहरात, फ्रेंच आईच्या पोटी. नाव ऐकून तू आणि मी एकमेकींकडे बघितलं होतं, कारण आपल्याकडे लीला म्हणजे साठीच्या पुढची, दातांचा सेट लावणारी बाई. पण पोर गोड. ती शाळेत जायला लागली आणि तुझा जीव टांगणीला लागला, की नातीला पहिला प्रश्न विचारायचा कसा?

प्रवीणने तुला फोनवर वाक्य शिकवलं. "तु ए आं केल क्लास?" मेथी निवडताना, गहू पाखडताना, तुझं तेच चालू. मी हसले तर म्हणालीस, "पहिला शब्द तं आपलाच हाय, तू. बाकीचे चार शिकाचे, त्यात काय." रविवारी व्हिडिओ कॉल लागला की तू डोक्यावरचा पदर सारखा करायचीस आणि एखाद्या परीक्षकासारखी विचारायचीस, "तु ए आं केल क्लास?" तिकडून चिमणीसारखा आवाज यायचा, "से-पे!" मी प्रवीणला विचारायचे, हे काय असतं? तो म्हणायचा, "पहिली समज आत्या." पुढच्या वर्षी से-ए-अं, मग से-ए-दो, मग से-एम काहीतरी. ही आद्याक्षरं आपल्या डोक्यावरून जायची, पण तू दरवेळी "अरे वा" म्हणायचीस आणि फोनसमोर मूठभर फुटाणे धरायचीस. ते मी खायचे.

दर रविवारी तोच प्रश्न! प्रवीणला त्याचा वैताग यायचा. "आई, इथे मुलांना असं विचारत नाहीत. आणि वर्ग काय दर हप्त्याला बदलतो का? दुसरं काहीतरी विचार ना." मीसुद्धा त्याच्याच बाजूची होते. म्हटलं, विचार की, काय खाल्लंस, कुठे गेली होतीस. तेव्हा तू मला जे सांगितलंस ते मला आजही खोडून काढता आलेलं नाही. "ताई, ती खाते ते मले समजत नाई, ती जाते ते गाव मी पाह्यलं नाई. तिच्या घरातलं मले एकच ठाऊक हाय, ते म्हंजे शाळा. शाळा सगळीकडं असते. मंग मी दारातूनच हाक मारनार ना?"

आणि ते खरं ठरलं. त्या एका प्रश्नापाठोपाठ लीला घडाघडा बोलायला लागली. अर्धं फ्रेंच, अर्धं तुझ्याकडून उचललेलं मराठी. प्रवीणचं मराठी शाळेतलं, तो "मला" म्हणतो, पण ती पोर "मले" म्हणते, तेही घशातून खरखर करत. गळ्यात फ्रान्स आणि जिभेवर रावेर. तूही तिच्याकडून अंक शिकलीस. अं, दो, त्रोआ, कात्र, सँक, सिस. भाकरी थापताना त्यांच्यावर ताल धरायचीस. मग एका वर्षी उत्तर आलं, "सिझिएम." तू थांबलीस, बोटांवर मोजलंस, आणि मला न विचारता, प्रवीणला न विचारता ओरडलीस, "सिस म्हंजे सहा. पोरगी सहावीत गेली!" प्रवीण म्हणाला, बरोबर आई, सहावीच. किती फुगली होतीस तू त्या दिवशी! शेजारच्या चार घरी सांगून आलीस.

ते वर्ष चांगलं सरलं नाही. प्रवीण आणि त्याची बायको वेगळे झाले. भांडणतंटा काही नाही, वकिलाकडे जाऊन सह्या केल्या, लीला एक आठवडा आईकडे आणि एक आठवडा बापाकडे. तू फोन ठेवलास आणि भिंतीकडे बघत बसलीस. तुला त्याहून जास्त काही करता येत नव्हतं. नंतर सप्टेंबरात तिकडे शाळा सुरू झाल्या, रविवार आला, तू नेहमीसारखा प्रश्न विचारलास आणि पोर म्हणाली, "सँकिएम."

सँक म्हणजे पाच. हे तुला कोणी शिकवायची गरज नव्हती. तुझ्या हातात फुटाणे होते, ते तू वाटीत परत टाकलेस. "अरे वा" म्हणालीस, पण त्यात दम नव्हता. फोन बंद झाल्यावर मला म्हणालीस, "पोरीले खाली बसवलं वो ताई. सहावीतून पाचवीत." मी म्हटलं, असं कुठे करतात का? नापास झाली तर त्याच वर्गात ठेवतील. तू म्हणालीस, "तो देस कडक हाय." खरं सांगते, मलाही ते पटलं. घर मोडलं, पोरीचं लक्ष उडालं, शाळेने एक पायरी खाली उतरवली, यात न पटण्यासारखं काय होतं? मी म्हटलं, प्रवीणला विचारू. तू माझा हात धरलास. "घर फुटलं त्याचं. आता पोरगी नापास झाली, हे बी त्याच्याच तोंडानं वदवून घेऊ काय? काई विचाराचं नाई. मले तुमचा शब्द पाह्यजे." मी शब्द दिला. आपण कॉलनीत राहिलेल्या बाया. ज्या घरात पोर नापास झालं त्या घरी त्या दिवशी कोणी साखर मागायलासुद्धा जात नसे, आणि पुढे महिनाभर त्या पोराला कोणी कितवी विचारत नसे. तू तेच लीलाच्या बाबतीत केलंस. प्रश्न बंद केलास.

त्याच नवरात्रात तू मला घेऊन इच्छापूरला गेलीस. टेकडी चढताना माझे गुडघे बोलत होते आणि तू गप्प होतीस. वर गर्दीत देवीसमोर उभी राहून तू मोठ्याने म्हणालीस, मला स्पष्ट ऐकू आलं, "माय, माझी पोरगी परत सहावीत बसू दे. ती बसली की तिले घेऊन येईन, तिच्या हातानं तुझी ओटी भरीन. तवर मावा जिलेबी माझ्या तोंडात जानार नाई." मावा जिलेबी! तिच्यासाठीच नावाजलेल्या बुऱ्हाणपुरात राहून, आणि तू, जी एका बैठकीत माझ्याही वाटणीची संपवायचीस. उतरताना मी म्हटलं, भेंडी सोडायची होतीस, तुला नाहीतरी आवडत नाही. तू म्हणालीस, "देवाले टाकाऊ माल देत नसतात."

त्या हिवाळ्यात रविवारचे फोन आखडत गेले. तू विचारायचीस, बरी हाय ना, जेवली ना. ती म्हणायची, हो आजी. आणि मग दोन्हीकडे शांतता. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले, शांतता किती तऱ्हांची असते ते मला कळतं. ही वाईट तऱ्हेची होती. तू फोन ठेवून उठायचीस, आत जायचीस आणि उगाच भांडी घासायचीस. मी बघत राहायचे. दोन माणसं एकमेकींना जपायला गेली की एकमेकींपासून कशी लांब होतात, हे मी त्या रविवारांत बघितलं.

कोंडी फोडली ती लीलानेच. उन्हाळा लागला होता, पंख्याखाली बसून आपण कॉल लावला होता. ती एकदम म्हणाली, "आजी, तू मले आता क्लास काहून नाई विचारत? तू माझ्यावर रागावली?" तुझा चेहरा असा झाला की मी फोन माझ्याकडे वळवला आणि दिलेला शब्द मोडून विचारलं, बाळा, तू सहावीतून पाचवीत कशी गेलीस?

तिला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला, आणि ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. तिने बोटं उघडली. "इथं उलटं असतं आत्याआजी. सिझिएम, मग सँकिएम, मग कात्रिएम, मग त्रोआझिएम. खाली खाली जातं. शेवटी तेर्मिनाल. मंग शाळा संपते. मी पास झाली. मले चांगले नंबर हाय." मागून प्रवीणचा आवाज आला, "काय झालं? आई, तू काय समजली होतीस?" आणि मग मी हसले. पोट धरून हसले. त्या हसण्यात माझा आठ-दहा महिन्यांचा घोर होता. मी तुझ्याकडे बघितलं, म्हटलं आता ही रडेल किंवा हसेल. तू दोन्ही केलं नाहीस. तू पांढरी पडलीस आणि म्हणालीस, "म्हंजे ती परत सहावीत कधीच जानार नाई."

"जायचंच कशाला?" मी म्हटलं.

"मंग नवस?"

तिथून आपला वाद सुरू झाला, वहिनी, आणि तो संपायच्या आत तू उठून गेलीस. माझं म्हणणं साधं होतं. ज्या संकटासाठी नवस बोलली ते संकट नव्हतंच, मग नवसही नाही. चुकीचा नंबर लागला तर कॉलचे पैसे कोणी भरतं का? तुझं म्हणणं, "शब्द गेला तो गेला. ती सहावीत बसल्यावर, असं मी बोलली. देवीनं तेच ऐकलं." मी म्हटलं, देवीला फ्रान्सचं माहीत असेल की नाही? तू म्हणालीस, "असनारच. माहीत असून तिनं ऐकून घेतलं, म्हंजे तिच्या मनात काईतरी असंल." आता या बाईशी काय बोलायचं! मी पुजाऱ्याला विचारून आले. तो म्हणाला, "नारियल चढवा देना माताजी, देवी सब समझती है." तुला येऊन सांगितलं तर तू म्हणालीस, "त्याले काय, जिलेबी काय त्यानं सोडली हाय?"

मग मी हट्टाला पेटले. दर आठवड्याला गरम मावा जिलेबी आणायची आणि तुझ्यासमोर बसून खायची. तू बशी पुढे करायचीस, माझ्या हनुवटीवरचा पाक पुसायला रुमाल द्यायचीस, आणि स्वतः दुधाचा कप घेऊन बसायचीस. एकदा मी चिडून म्हटलं, तुझ्या या हट्टाने कोणाचं भलं होणार आहे? तू म्हणालीस, "मी इथून तिच्यासाठी काय करू शकते ताई? डबा देऊ शकत नाई, वेनी घालू शकत नाई, आईबापाच्या मधी बसू शकत नाई. एक गोष्ट सोडू शकते. ती तरी नीट सोडू द्या मले." त्या दिवशी उरलेली जिलेबी मी बशीतच ठेवली. पण हार मानायचा माझा स्वभाव नाही, पुढच्या आठवड्यात मी पुन्हा आणली.

एक मात्र झालं. रविवारचा प्रश्न परत आला, आणि उत्तरही. "कात्रिएम, आजी." मग यंदा, "त्रोआझिएम, आजी." तुला त्या उतरत्या मोजणीची गोडी लागली होती. "किती चढली ते आपन मोजतो," तू म्हणायचीस, "किती राह्यलं ते ते मोजतात. त्यायचं बी बरोबर हाय." तुझी आणि लीलाची कुजबुजही वाढली होती. मी आत आले की तुम्ही दोघी गप्प. मी विचारलं तर तू म्हणायचीस, "आमचं आजी-नातीचं हाय." मला वाटायचं, पोर मोठी झाली, काही बाईपणाचं विचारत असेल. डिसेंबरात ती येणार म्हणून तू पापड करून ठेवलेस. ती डिसेंबरच्या आधीच आली, आणि तुझ्यासाठीच आली, पण तुला काही ते बघता आलं नाही.

ती तुझ्या खोलीत निजली. तुझं लुगडं उशाशी घेतलं. माझ्याजवळ आली तेव्हा मला काय बोलावं सुचेना. एवढी उंच पोरगी, आणि तिच्याशी बोलणारं तोंड तर तुझं होतं. मी फक्त जेवायला वाढत राहिले. तेराव्यानंतर तीच म्हणाली, "आत्याआजी, मले इच्छापूरला घेऊन चल." मला वाटलं, तू तिला नवसाचं सांगितलं असणार आणि पोरीला ओझं झालं असणार. मीही तेच ठरवत होते. फेडता न येणारा नवस तुझ्या नावावर ठेवून मला झोप लागली नसती. देव असो नसो, तू तर त्याला बांधलेली होतीस. म्हटलं, वर जाऊन सरळ सांगायचं, बाई चुकून बोलली, तिला मोकळं कर.

काल सकाळी आम्ही दोघी गेलो. खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या, सगळं घेतलं. बहादरपूर मागे टाकून गाडी हायवेला लागली तर दोन्ही बाजूंनी केळीच केळी, लीला काचेला नाक लावून बघत होती. टेकडीवर माझा दम लागला तेव्हा तिने न विचारता माझी पिशवी घेतली आणि माझ्या पावलाने चढली. अशी माझ्या पावलाने तूच चालायचीस. मला तिथे रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

वर गर्दी नव्हती. पुजाऱ्याने ताट पुढे ओढलं. "मन्नत किसकी है?" त्याने विचारलं. मी म्हटलं, माझ्या भावजयीची, ती गेली. आणि मी हात जोडले. मला देवाशी बोलायची सवय नाही, म्हणून जरा मोठ्यानेच बोलले. "देवी, आमची वहिनी भोळी होती. तिकडच्या शाळेचा हिशोब तिला उमगला नाही. ही पोरगी परत सहावीत बसेल तेव्हा ओटी भरीन, असं ती बोलून बसली, आणि ते होणं शक्य नाही. तर तिला..."

"मी बसली, आत्याआजी," लीला म्हणाली.

मी वळून बघितलं.

"मी सहावीत बसली. सप्टेंबरमधी." तिच्या हातात तांदूळ होते, ते सांडू नयेत म्हणून तिने मूठ छातीशी धरली. "आमची शाळा सहावीपासून सुरू होते, पहिल्या दिवशी नवीन मुलं घाबरतात. म्हणून प्रत्येकासंगती एक मोठं मूल जातं, आमच्या वर्गातलं. आख्खा दिवस त्यायच्याच वर्गात बसाचं असतं. मी मॅडमला सांगितलं, मले पाठवा, माझ्या आजीले मिठाई खायची हाय." ती पुढे म्हणाली, "आजीनं फोनवर सगळं विचारलं. बाकावर बसली का? पुस्तक उघडलं का? हजेरीत नाव घेतलं का? मी म्हटलं, मॅडमनं माझं नाव बी घेतलं, मी हात वर केला. मंग आजी रडली. मंग म्हणाली, झाला नवस. आता तू ये, ओटी भरू, मंग खाईन."

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"आजी म्हणाली, आत्याले घरी नाई सांगाचं. देवीसमोर सांगाचं. वर गेल्यावर."

म्हणजे सप्टेंबरपासून तू हे पोटात घेऊन माझ्यासमोर दुधाचा कप पीत बसली होतीस! मी जिलेबी खात तुला वेड्यात काढत होते आणि तू जिंकून बसली होतीस. लीला डिसेंबरात येईल, तिला मध्ये घालून आपण तिघी टेकडी चढू, आणि देवीच्या पुढ्यात मला तोंडघशी पाडशील, असा तुझा बेत. केवढी मजा राखून ठेवली होतीस तू स्वतःसाठी! आणि ती पोर, तेरा दिवस घरात रडारड चाललेली असताना, ओठांवर येऊनही मला हे बोलली नाही, कारण आजीने जागा सांगून ठेवली होती. रावेरचं वळण ल्योंपर्यंत पोचलं म्हणायचं.

लीलाने ओटी भरली. खणावर तांदूळ घातले, नारळ ठेवला, बांगड्या ठेवल्या, आणि तू तिला फोनवर शिकवलं असशील तसं पदर नसताना ओढणीचं टोक पुढे करून नमस्कार केला. पुजाऱ्याने तिच्या कपाळाला कुंकू लावलं. मग ती उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली, टक लावून.

"काय ग?" मी म्हटलं.

"आजीनं सांगितलं होतं," ती म्हणाली, "आत्या हे ऐकल्यावर बी काईतरी वाद घालंल. म्हंजे, पाहुणी म्हणून बसणं हे काय बसणं झालं का, असं काईतरी. आजी म्हणाली, मले तवा हसू येईल, मी तोंड फिरवून उभी राहीन, तू नीट ऐकजो, आणि मंग मले सांगजो ती काय म्हणाली ते."

ती वाट बघत राहिली. वारा होता, घंटा हलत होती, खाली तुझ्या माहेरच्या बाजूला दूरवर हिरवं दिसत होतं. पाहुणी म्हणून बसणं हे काय बसणं झालं का, हे माझ्या मनात खरंच आलं होतं, वहिनी. मी तोंड उघडलं. पोर माझ्या ओठांकडे बघत होती, तुला जाऊन सांगायचं असल्यासारखी. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तुझ्याशी वाद घालता आला नाही.